रीलमधलं गाणं कोणतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘हे गाणं कुठलं, सांगाल का?’ असं विचारत लोक पंधरा सेकंदांचा तुकडा पाठवतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. ॲपमधली बटणं अधूनमधून जागा बदलतात, त्यामुळे एखादं बटण सांगितलेल्या ठिकाणी दिसलं नाही तर जरा आजूबाजूला शोधा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. गाण्याचं नाव कळलं की बहुतेकांचा शोध संपतो. पण कवी किंवा गीतकार, संगीतकार आणि गायक ही तिन्ही नावं कळल्याशिवाय गाणं सापडलं असं मी मानत नाही. खालची उत्तरं त्याच आग्रहातून लिहिली आहेत.

१. इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये किंवा यूट्यूब शॉर्टमध्ये गाण्याचं नाव कुठे दिसतं?

रीलमध्ये खाली, खात्याच्या नावाजवळ, ऑडिओची एक छोटी पट्टी असते. तिच्यावर बोट ठेवलं की त्या ऑडिओचं पान उघडतं आणि तोच ऑडिओ वापरलेले बाकीचे रील्सही दिसतात. शॉर्टमध्येही खालच्या बाजूला तशीच खूण असते. यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओत वर्णनाचा भाग पूर्ण उघडला, तर तळाशी बऱ्याचदा ‘संगीत’ असा वेगळा रकाना सापडतो. यूट्यूबच्या यंत्रणेने ओळखलेली गाणी तिथे दिसतात. आधी एवढं बघा. पुष्कळांचं काम इथेच होतं.

२. तिथे नुसतं ‘ओरिजिनल ऑडिओ’ लिहिलंय. आता काय करू?

याचा अर्थ इतकाच की ज्याने रील टाकलं त्याने ॲपच्या संग्रहातून गाणं निवडलेलं नाही, आवाज व्हिडिओसोबतच चढवलाय. गाणं त्याने केलंय असा याचा अर्थ अजिबात नाही. एखाद्या खात्याच्या नावापुढे ‘ओरिजिनल ऑडिओ’ दिसलं की त्या माणसालाच गायक समजून कौतुकाचे ढीग पडतात आणि खरा गायक बाजूला राहतो. हे वारंवार होतं.

ऑडिओचं पान उघडा आणि बाकीचे रील्स चाळा. त्यात कुणीतरी गाण्याचा जास्त लांब भाग घेतलेला असतो, कुणी ओळी लिहिलेल्या असतात, तर कधी मूळ गायकाचा स्वतःचाच व्हिडिओ निघतो. ऑडिओत ओळखीचं गाणं आहे हे इन्स्टाग्रामच्या लक्षात आलं, तर ते गाण्याचं नावही तिथेच दाखवतं. ऑडिओला नाव देण्याची सोय टाकणाऱ्यालाही असते. त्यामुळे ‘न्यू मराठी साँग’, ‘आई स्टेटस’ अशी नावं दिसली तर ती गाण्याची नावं समजू नका.

३. शाझमसाठी दुसरा फोन लागतो का? रील तर माझ्याच फोनवर आहे.

लागत नाही. (शाझम म्हणजे वाजणारं गाणं ऐकून त्याचं नाव सांगणारं ॲप.) आयफोनमध्ये कंट्रोल सेंटरला ‘म्युझिक रेकग्निशन’चं बटण जोडून घ्या. रील चालू असताना ते दाबलं की फोनमध्ये वाजणारं गाणंही ओळखलं जातं, कानात हेडफोन असले तरी. अँड्रॉइडवर ‘सर्कल टू सर्च’ असलेला फोन असेल तर होम बटण किंवा खालची पट्टी दाबून धरा आणि संगीताच्या खुणेवर बोट ठेवा. तेही नसेल तर शाझममधलं ‘ऑटो शाझम’ चालू करून रीलवर परत जा.

शाझमची सेवा स्मार्टफोनच्याही आधीची आहे. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये ती सुरू झाली तेव्हा २५८० हा नंबर फिरवायचा, फोन स्पीकरसमोर धरायचा आणि गाण्याचं नाव एसएमएसने यायचं. २०१८ पासून ती ॲपलच्या मालकीची आहे, पण अँड्रॉइडवरही फुकट चालते.

४. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ आहे. त्याला कसलीच पट्टी किंवा लिंक नाही.

मग आवाजावरूनच शोधावं लागेल. रीत वर तिसऱ्या उत्तरात आहे. त्याआधी व्हिडिओ शेवटपर्यंत बघा आणि चारही कोपऱ्यांत खात्याचं नाव पुसट छापलंय का ते पाहा. ते सापडलं की त्या खात्यावर जाऊन मूळ व्हिडिओ गाठता येतो आणि पहिल्या प्रश्नातली पट्टीही मिळते.

कोपऱ्यात टिकटॉकचा शिक्का असेल तर भारतात अडचण आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यात टिकटॉकही होतं. त्यामुळे तिथलं मूळ पान इथून उघडत नाही. शिक्क्यावरचं खात्याचं नाव जसंच्या तसं इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर टाकून बघा, बरेच जण तिन्हीकडे एकच नाव ठेवतात. परदेशात भाऊ, बहीण, भाची कुणी असेल तर त्यांना ते पान उघडून बघायला सांगा.

५. व्हिडिओ पुढे सरकला, परत सापडतच नाही. फक्त चाल डोक्यात आहे.

आधी ॲपमधला इतिहास तपासा. यूट्यूब पाहिलेल्या व्हिडिओंची यादी ठेवतं. इन्स्टाग्रामवर निदान लाइक केलेली रील्स ‘युवर ॲक्टिव्हिटी’त मिळतात.

नाहीच मिळालं तर गुणगुणा. गूगलच्या ॲपमध्ये माइकवर बोट ठेवून गाणं शोधण्याचा पर्याय निवडा आणि दहा-पंधरा सेकंद चाल म्हणा. ही सोय ऑक्टोबर २०२० मध्ये आली. साउंडहाउंड हे ॲपही गुणगुणणं ओळखतं. शाझमला ते जमत नाही, का ते सातव्या उत्तरात सांगितलंय.

आपल्या गाण्यांसाठी काही गोष्टी सांभाळा. मुखडाच म्हणा, अंतरा नको. शब्द नीट आठवत नसतील तर ‘ला-ला’ करा, पण लय सोडू नका. हरकती, मुरक्या, ताना टाळा, सरळ सूर लावा. यंत्र चालीचा चढ-उतार जुळवतं, तुम्ही घेतलेल्या हरकती त्याला मूळ चालीपासून दूर नेतात. उत्तरांसमोर किती टक्के जुळलं तेही दिसतं. टक्का कमी असला तरी पहिली तीन-चार उत्तरं ऐकून बघा, हवं असलेलं गाणं कित्येकदा दुसरं किंवा तिसरं असतं.

६. दोन-तीनच शब्द ऐकू आलेत. त्यावरून सापडेल?

मराठी गाणं असेल तर शक्यता चांगली आहे. शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधा, एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत. रोमनमध्ये लोक एकच शब्द चार तऱ्हांनी लिहितात. ‘ळ’ साठी कुणी एल लिहितं, कुणी एलएच, तर ‘व’ साठी कुणी व्ही, कुणी डब्ल्यू. सगळ्या तऱ्हा करून पाहा. शब्दांच्या शेवटी ‘बोल’, ‘गीत’ किंवा ‘लिरिक्स’ जोडा.

ऐकलेला शब्द चुकलेला असू शकतो हे लक्षात ठेवा. एक शब्द सोडून बाकीचे टाका, मग दुसरा सोडून बघा. जुन्या भावगीतांसाठी, नाट्यपदांसाठी आणि चित्रपटगीतांसाठी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ फार मोलाचं आहे. तिथे शब्दांबरोबर गीतकार, संगीतकार, गायक ही नावं मिळतात, कित्येक गाण्यांचा रागही दिलेला असतो. मराठी गाण्यांची नोंद इतक्या आस्थेने ठेवणारी ठिकाणं थोडीच आहेत.

७. शाझम म्हणतं ‘काही सापडलं नाही’. गाणं तर स्वच्छ ऐकू येतंय! असं का होतं?

शाझम आपल्यासारखं गाणं ऐकत नाही. आवाज आला की कोणत्या क्षणी कोणती कंप्रता (फ्रिक्वेन्सी) किती जोरात आहे याचा ते नकाशा काढतं. त्या नकाशातले सर्वांत ठळक बिंदू तेवढे ठेवतं, बाकी सोडून देतं. दोन बिंदूंची जोडी, त्यांच्या कंप्रता आणि त्यांच्यातलं वेळेचं अंतर मिळून एक ठसा तयार होतो. असे ठसे साठ्यातल्या ठशांशी पडताळले जातात आणि ओळीने पुरेसे जुळले की नाव येतं. शाझमचे एक संस्थापक एव्हरी वँग यांनी २००३ च्या शोधनिबंधात ही पद्धत मांडली.

ही पद्धत कळली की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. हॉटेलातल्या गोंगाटात शाझम चालतं, कारण गोंगाटातही ठळक बिंदू टिकून राहतात. गुणगुणणं त्याला कळत नाही, कारण ते चाल ओळखत नाही, ठरावीक ध्वनिमुद्रण ओळखतं. तेच गाणं कॉलेजच्या स्नेहसंमेलनात कुणी गायलं, तर आपल्याला ते क्षणात ओळखू येतं, पण शाझमसाठी तो अगदी वेगळा आवाज असतो. वेग किंवा सुराची पट्टी बदलली की सगळे बिंदू एकदम सरकतात आणि ठसा मोडतो (त्याचं पुढच्या उत्तरात).

दुसरं कारण आपल्याकडे फार मोठं आहे. साठ्यात नसलेलं गाणं कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. गावोगावचे गायक गाणं थेट यूट्यूबवर टाकतात, स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकपर्यंत ते पोचवतीलच असं नाही. भजनी मंडळाचं भजन, गोंधळ, जागरण, लग्नातली हळद, तमाशाच्या फडावर मोबाइलने टिपलेली लावणी हे सगळं या साठ्यांच्या बाहेर राहतं. तिथे शाझमला दोन-तीन वेळा संधी द्या आणि मग सहाव्या किंवा अकराव्या उत्तराकडे वळा. दहाव्यांदा बटण दाबून काही मिळत नाही.

८. गाणं बारीक, घाईच्या आवाजात आहे. किंवा उलट, जड आणि घुमणारं आहे. मूळ कसं शोधू?

पहिला प्रकार ‘स्पेड-अप’, दुसरा ‘स्लोड अँड रिव्हर्ब’. दोन्हींत वेगासोबत पट्टीही बदललेली असते. आधी शाझम करून बघाच, कारण हल्ली काही कंपन्या अशी रूपं स्वतःच अधिकृतपणे काढतात आणि ती साठ्यात असतात.

तिथे नाही मिळालं तर व्हिडिओचा आवाज ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घ्या आणि वेग व पट्टी एकत्र बदलणारा इफेक्ट लावा. गाणं सव्वापट पळवलंय असं वाटलं तर ८० टक्क्यांवर आणा. ८० टक्क्यांवर संथ केलं असेल तर १२५ टक्के करा. गायकाचा आवाज माणसासारखा वाटू लागला की थांबा आणि तिथे पुन्हा शाझम लावा.

इथे पुष्कळ जण एका जागी अडकतात. यूट्यूबवर प्लेबॅक ०.७५ वर ठेवला तर गाणं संथ होतं, पण पट्टी तीच राहते. यूट्यूब ती मुद्दाम सांभाळतं. त्यामुळे ठसा जुळत नाही. पट्टीही खाली आणणारं साधनच हवं.

९. गाण्यावर कुणीतरी सतत बोलतंय.

बोलणं थांबतं तो दोन-चार सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा चालवा, शाझमला तेवढंही पुरू शकतं. तेही नाही जमलं तर आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी साधनं आहेत. ‘अल्टिमेट व्होकल रिमूव्हर’ फुकट आहे, ‘मॉइझेस’ फोनवर चालतं. बोलणं काढून टाका आणि उरलेल्या संगीतावर शोधा. मात्र गाणाऱ्याचा आवाजही त्यासोबत निघून जातो, त्यामुळे हा उपाय सुरुवातीच्या किंवा मधल्या संगीताच्या तुकड्यावरच करा.

१०. मिरवणुकीतलं डीजे मिक्स आहे, संबळ आणि हलगी टाकलेली. बेंजोवर वाजवलेल्या धुनेचंही असंच विचारायचं होतं.

डीजे मिक्समध्ये दोन उत्तरं असतात, मिक्स कुणाचं आणि मूळ गाणं कुणाचं. पहिल्याचं उत्तर बहुधा मिक्समध्येच असतं. मध्येच एक भारदस्त आवाज डीजेचं किंवा त्याच्या प्रॉडक्शनचं नाव पुकारतो. ते नीट ऐका, गाण्याच्या एखाद्या शब्दासोबत यूट्यूबवर टाका आणि पूर्ण मिक्स गाठा. वर्णनात मूळ गाणं दिलेलं असलं तर उत्तमच, नसेल तर शब्दांवरून सहाव्या उत्तराप्रमाणे शोधा.

बेंजो पार्टीच्या वादनात शब्दच नसतात आणि ध्वनिमुद्रणही वेगळं असतं. तिथे गुणगुणण्याचाच मार्ग धरा. धून ऐका, साध्या सुरात म्हणा, गूगलला विचारा.

११. शब्द मराठीसारखे वाटतात, पण कळत नाहीत. ही भाषा कुठली?

असे तुकडे खूप येतात आणि मला ते मनापासून आवडतात, कारण त्यातून आपल्याच प्रांतातलं भाषेचं वैभव लोकांसमोर येतं. भाषा ओळखली की निम्मा शोध संपतो. कान या शब्दांकडे लावा.

‘आहे’च्या जागी ‘शे’, अनेकवचनी ‘शेतस’, ‘माझा’ला ‘मना’ ऐकू आलं तर गाणं बहुधा अहिराणी, खानदेशातलं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गाण्यांचा यूट्यूबवर मोठा संसार आहे. ‘मले’, ‘तुले’, ‘हाय’ आलं तर वऱ्हाडी. ‘माका’, ‘तुका’, ‘आसा’ आलं तर मालवणी किंवा कोकणी. सोबत ‘हांव’ आलं तर गोव्याकडची कोकणी धरा. वाक्याच्या शेवटी ‘छ’ किंवा ‘छं’ येत राहिलं तर बंजारा बोली, म्हणजे गोरमाटी, तपासा. दर्या, होडी, एकवीरा आई, हळद आणि प्रत्येक ओळीला ‘गो’ असेल तर आगरी-कोळी गाण्यांत शोधा.

मग यूट्यूबवर भाषेचं नाव आणि ऐकलेला शब्द टाका: ‘अहिराणी गाणं’ आणि पुढे शब्द. या गाण्यांच्या वर्णनात गीत, संगीत, गायक, अगदी ढोलकी कुणी वाजवली इथपर्यंत नावं सापडतात. मोठ्या ॲप्सपेक्षा ही लहान चॅनलं श्रेय देण्यात कितीतरी उदार असतात.

गाणं परदेशी असेल तरीही भाषेपासूनच सुरुवात करा. ‘ॲनिमल’ (२०२३) मध्ये बॉबी देओलच्या प्रवेशाला वाजणारं गाणं अनेकांना अरबी वाटलं. ते इराणमधलं फारसी गाणं आहे.

१२. चाल ओळखीची आहे, पण शब्द दुसरेच. ‘चोरी’ आहे का?

लगेच तसं म्हणू नका, आधी कारण बघा. कधी संगीतकारानेच आपली चाल दुसऱ्या भाषेत नेलेली असते. ‘सैराट’ (२०१६) मधलं ‘झिंगाट’ ‘धडक’ (२०१८) मध्ये हिंदी शब्दांसह आलं, दोन्हीकडे संगीत अजय-अतुल यांचंच. कधी चाल लोकपरंपरेतून घेतलेली असते. ‘बॉबी’ (१९७३) मधलं ‘घे घे घे रे’ हे पालुपद ऐकून गोव्याच्या माणसाला ‘हांव सायबा पलतडी वैतां’ ही देखणी (तिथला नृत्यगीताचा प्रकार) आठवते, कारण ती चाल तिथलीच आहे.

आणि कधी मोबदला, परवानगी, नाव काहीच न देता खरोखर उचललेलं असतं. कोणतं आधीचं हे ठरवायला रीलची तारीख कामाची नाही. ध्वनिमुद्रण पहिल्यांदा कधी आलं ते पाहा. स्ट्रीमिंग ॲपवरचं सालही जपून घ्या, जुनं गाणं नव्या संग्रहात पुन्हा निघालं की तिथे नवं साल पडतं.

१३. अभंगाखाली ‘पारंपरिक’ लिहिलंय. मग गीतकार-संगीतकार नसतातच का?

असतात! या एका शब्दाने मराठी संगीतातल्या कितीतरी माणसांचं श्रेय पुसलं जातं, म्हणून या उत्तराला थोडी जागा घेते.

वारीच्या दिवसांत ‘इंद्रायणी काठी’ हजारो रील्सवर वाजतं आणि पुष्कळांना ते संतांचं वाटतं. ते चित्रपटगीत आहे. ‘गुळाचा गणपती’ (१९५३), शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांडे यांचं, आवाज भीमसेन जोशींचा. ‘कानडा राजा पंढरीचा’ हेही गदिमांचं, ‘झाला महार पंढरीनाथ’ (१९७०) मधलं. सुधीर फडके आणि वसंतराव देशपांडे यांनी गायलेलं. ‘मी डोलकर’ लोकगीत म्हणून फिरतं. ते शांता शेळके यांनी लिहिलं आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलं.

रचना खरोखर संतांची आहे का हे बघायचं असेल तर शेवटचं कडवं ऐका. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘एका जनार्दनी’, ‘बापरखुमादेविवरू’ अशी नाममुद्रा तिथे येते. रीलमध्ये मुखडाच कापलेला असतो, त्यामुळे नेमका हाच भाग ऐकायला मिळत नाही. पूर्ण गाणं मिळवा.

आणि शब्द संतांचे असले तरी चाल कुणीतरी बांधलेली असते. ‘माझे माहेर पंढरी’ एकनाथांचा अभंग, पण भीमसेनजींच्या आवाजात आपण ऐकतो ती चाल राम फाटकांची. लताबाईंच्या ‘अभंग तुकयाचे’मधले शब्द तुकोबांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं. रीलखाली नाव लिहिताना ‘संत एकनाथ, संगीत राम फाटक, गायन भीमसेन जोशी’ एवढं लिहायला एकच ओळ लागते. लिहा.

१४. एकाच गाण्याच्या दहा आवृत्त्या सापडल्या. माझ्या रीलमधली कुणाची?

रीलमधल्या आणि सापडलेल्या गाण्याची तीच ओळ पाठोपाठ ऐका. आधी ताल आणि वाद्यं बघा, आवाज नंतर. ऑर्गन आणि तबलाच असेल तर नाट्यपदाचं जुनं रूप, व्हायोलिनांचा ताफा असेल तर चित्रपटाचं. ‘घेई छंद मकरंद’ वसंतराव देशपांड्यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ च्या नाटकात गाजवलं. २०१५ च्या चित्रपटात ते त्यांचे नातू राहुल देशपांडे आणि शंकर महादेवन यांच्या आवाजात आहे. शिवाय मैफिलींमधली कितीतरी रूपं. नुसतं ‘घेई छंद’ हे उत्तर म्हणूनच अपुरं आहे.

स्ट्रीमिंग ॲपवर गाण्याच्या तीन टिंबांत ‘क्रेडिट्स’ उघडा. चित्रपटगीतांत कलाकार म्हणून बऱ्याचदा संगीतकाराचं नाव आधी दिसतं आणि तोच गायक समजला जातो.

१५. गडकिल्ल्यांच्या रील्समागचं धीरगंभीर संगीत कुठलं असतं? त्याला तर शब्दच नाहीत.

तीन शक्यता. एखाद्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत, हान्स झिमर यांच्या ‘इंटरस्टेलर’ (२०१४) च्या संगीतासारखं. ते अल्बम म्हणून निघालेलं असेल तर शाझम पटकन सांगतं. पार्श्वसंगीत अल्बममध्ये नसेल तर ‘चित्रपटाचं नाव, बीजीएम’ असं यूट्यूबवर शोधा. किंवा मग व्हिडिओ बनवणाऱ्यांसाठीच्या संग्रहातला तुकडा, जसे यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी किंवा एपिडेमिक साउंड. अशा तुकड्यांची नावं अगदी साधी असतात, त्यामुळे सापडलेलं नाव खरं वाटत नाही. ऐकून खात्री करा.

१६. आवाज एका मोठ्या गायकाचा आहे, पण त्यांच्या गाण्यांत हे कुठेच नाही.

एआयने बनवलेला आवाज असण्याची दाट शक्यता आहे. गायकाचं अधिकृत खातं, संगीत कंपनीचं चॅनल आणि क्रेडिट्स या तिन्ही ठिकाणी गाणं नसेल तर ते त्यांचं म्हणून पुढे पाठवू नका. अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करून देणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम आदेश दिला होता. संपूर्ण गाणंच सुनो किंवा युडिओसारख्या साधनाने बनवलेलं असेल तर त्याला मूळ गायक नसतोच. ज्याने पहिल्यांदा टाकलं ते खातं सापडणं, एवढाच शोध असतो.

१७. कॉमेंटमध्ये कुणीतरी नाव दिलंय. खरं मानू?

ऐकून बघितल्याशिवाय नाही. ‘डारुड, सँडस्टॉर्म’ असं उत्तर दिसलं तर ती जगभर चालणारी जुनी थट्टा आहे. फिनलंडच्या डारुडचं १९९९ चं ते वाद्यसंगीत, तुमच्या गाण्याशी त्याचा संबंध नसतो. डाउनलोडची लिंक असलेल्या उत्तराला हात लावू नका.

१८. मी न्यू जर्सीत राहतो. नाव मिळतं, पण गाणं ‘इथे उपलब्ध नाही’ म्हणतं.

हक्क देशागणिक वेगळे दिलेले असतात. तेच गाणं संगीत कंपनीच्या दुसऱ्या संग्रहात किंवा चित्रपटाच्या संपूर्ण गाण्यांच्या ज्यूकबॉक्समध्ये शोधा, तिथे पुष्कळदा वाजतं.

१९. गाणं सापडलं. माझ्या दुकानाच्या रीलला लावू?

वैयक्तिक खात्याला ॲपच्या संग्रहातली गाणी लावता येतात. व्यवसाय खात्याला मात्र मर्यादित संग्रह मिळतो, कारण जाहिरातीसाठी वेगळी परवानगी लागते. ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून चढवलेलं गाणं वापरल्याने ती परवानगी मिळत नाही.

‘जुनं आहे, आता हक्क संपले असतील’ हेही नीट तपासा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, पण शब्द आणि संगीत यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तेराव्या उत्तरातलं ‘इंद्रायणी काठी’ घ्या. १९५३ च्या ध्वनिमुद्रणाची मुदत संपली. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. पु. ल. २००० मध्ये गेले, म्हणजे संगीताचा २०६० अखेरपर्यंत.

२०. सगळं करून झालं. काहीच सापडलं नाही.

माणसांना विचारा. रेडिटवर ‘नेम दॅट साँग’ हा गट आहे, ‘वॉटझॅटसाँग’ हे संकेतस्थळ याच कामासाठी आहे. मराठी किंवा बोलीतल्या गाण्यासाठी मात्र त्या भागातल्या ढोलकीवाल्याला, बँडवाल्याला, ऑर्केस्ट्रात गाणाऱ्याला विचारा. त्यांना जे पाठ असतं ते कुठल्याच साठ्यात नसतं.

वेळ लागला तरी सोडू नका. १९८४ च्या सुमारास जर्मनीत रेडिओवरून कॅसेटवर उतरवलेलं एक गाणं कुणाचं, हे वर्षानुवर्षं अनेक देशांतले लोक शोधत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते कील शहरातल्या ‘फेक्स’ नावाच्या बँडचं ‘सबवेज ऑफ युवर माइंड’ असल्याचं सिद्ध झालं. वॉटझॅटसाँगवर २०२१ मध्ये टाकलेला सतरा सेकंदांचा एक तुकडाही एप्रिल २०२४ मध्ये ओळखला गेला.

कुणालाही विचारताना क्लिप सोबत द्या, लिंक नको, कारण रील काढून टाकलं की लिंक मरते. कुठल्या खात्यावर पाहिलं, कधी पाहिलं, कोणते शब्द ऐकू आले, वेग बदललाय असं वाटतं का आणि आतापर्यंत कुठे कुठे शोधलं, हेही लिहा.